पोटगीपासून वाटणीपर्यंत : विवाहबाह्य अपत्यांचे कायद्यातील स्थान

भारतीय कायद्यात अपत्याचा हक्क अपत्याकडे पाहून ठरत नाही, तो त्याच्या आईवडिलांच्या लग्नाकडे पाहून ठरतो, आणि म्हणूनच विवाहबाह्य मुलाला कोणते हक्क असतात या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. लग्न झालेच नव्हते, की झाले होते पण कायद्याच्या दृष्टीने ते उभेच राहत नव्हते, पक्षकार हिंदू आहेत, मुसलमान आहेत की ख्रिस्ती, मागणी पोटगीची आहे की जमिनीच्या वाटणीची, यांपैकी प्रत्येक गोष्टीनुसार उत्तर बदलते. तरीही गेल्या दीडशे वर्षांचा कायदा एकत्र पाहिला तर त्यात एक सूत्र स्पष्ट दिसते. अशा मुलाचे पोट भरण्याची जबाबदारी कायद्याने फार लवकर आणि फारशी खळखळ न करता बापावर टाकली. मात्र बापाच्या मालमत्तेत वाटा देण्याची वेळ आली तेव्हा तो हात आखडत राहिला, आणि जो वाटा दिला तोही अटी घालून दिला.

ज्यांचे आईवडील मुलाच्या जन्मकाळी वैध विवाहाने बांधलेले असतात त्या अपत्यास औरस आणि इतरांस अनौरस म्हणण्याची रीत जुनी आहे. परंतु जुन्या धर्मशास्त्राची मांडणी इतकी दुहेरी नव्हती. स्मृतिकारांनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले, त्यांत लग्नापूर्वी कुमारिकेला झालेला कानीन, घरात गुप्तपणे जन्मलेला गूढज, लग्नाच्या वेळी आईच्या पोटात असलेला सहोढ अशांनाही नाव आणि क्रम होता. पुढील काळात औरस आणि दत्तक वगळता बाकीचे प्रकार व्यवहारातून गेले. टिकला तो दासीपुत्राचा नियम. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या विज्ञानेश्वराच्या टीकेनुसार शूद्राला दासीपासून झालेल्या मुलास बाप स्वतःच्या इच्छेने वाटा देऊ शकत असे आणि बापाच्या मृत्यूनंतर औरस भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा असे सांगितले होते, तर वरच्या तीन वर्णांतील अशा मुलाला केवळ अन्नवस्त्राचा हक्क होता. विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता आणि त्याचा ग्रंथ महाराष्ट्रात प्रमाण मानला जात असल्यामुळे ब्रिटिश काळातील मुंबई उच्च न्यायालयापुढे हा नियम वारंवार आला. न्यायालयाने त्याला मर्यादा घातल्या : ती स्त्री त्या पुरुषाने कायमची आणि केवळ स्वतःची म्हणून ठेवलेली असली पाहिजे, आणि ती दुसऱ्याची लग्नाची बायको असता कामा नये. १८७५ च्या एका निवाड्यात पहिल्या नवऱ्याची सोडचिठ्ठी न घेता लावलेल्या पाटाच्या, म्हणजे पुनर्विवाहाच्या, संबंधातील मुलाला याच कारणाने वारसा नाकारला गेला. ज्या मुलाची आई या कसोटीला उतरली, त्याचा हक्क मात्र खरा होता. १८९० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अशा मुलास औरस भावाच्या मृत्यूनंतर एकत्र कुटुंबाची मिळकत उत्तरजीवी, म्हणजे मागे उरलेला हक्कदार, म्हणून मिळू शकते, येथपर्यंत मजल मारली.

याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. विधवांच्या पोटी आलेल्या मुलांच्या हत्या थांबाव्यात म्हणून त्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले. असे दत्तकविधान तत्कालीन हिंदू कायद्याच्या चौकटीत टिकण्याची शाश्वती नव्हती, कारण दत्तक मूल सजातीय असावे आणि ते त्याच्या आईबापांपैकी कोणीतरी विधिपूर्वक दिलेले असावे असा दंडक होता. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून ते नोंदवले, ही गोष्ट चरित्रातला तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. वारसा कायदा ज्या मुलाला दार लावतो त्याच्यासाठी नोंदवलेले मृत्युपत्र हाच भक्कम मार्ग असतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. १८९० मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी भाऊबंदांनी यशवंतला टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचे मडके, धरण्यास हरकत घेतली आणि सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या, असे चरित्रकार नोंदवतात. हक्क नाकारण्याची भाषा मालमत्तेची असो वा विधीची, ती बोलणारे बहुधा भाऊबंदच असतात.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याने या मुलांची स्थिती सुधारली असेल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात काही काळ ती बिघडली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये ‘संबंधित’ या शब्दाची व्याख्या औरस नात्यापुरती ठेवली गेली. अनौरस मूल आईचे आणि परस्परांचे नातलग समजले जाईल एवढाच अपवाद तीत होता. परिणाम असा झाला की आईच्या मालमत्तेवर अशा मुलाचा हक्क पूर्ण राहिला, पण मिताक्षरेने शूद्राच्या दासीपुत्राला दिलेला बापाच्या मिळकतीतील अर्धा वाटा या आधुनिक कायद्याने काढून घेतला. जातिभेदावर उभा असलेला तो नियम जाणे योग्यच होते. परंतु त्याच्या जागी सर्वांना समान हक्क आला नाही, सर्वांना समान नकार आला.

त्याच सुमारास विवाहाच्या कायद्यात दुसरा बदल घडत होता. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंमधील द्विभार्या प्रथेला कायद्याने बंदी केली आणि हिंदू विवाह अधिनियम, १९५५ ने ती देशभर लागू केली. त्यापूर्वी पहिली बायको असताना केलेले दुसरे लग्न वैध असे आणि त्या बायकोची मुले औरस असत. बंदीनंतर असे लग्न शून्य, म्हणजे मुळातच न झाल्यासारखे ठरू लागले. स्त्रियांच्या दृष्टीने ही सुधारणा अत्यंत आवश्यक होती, पण तिच्यामुळे अनौरस मुलांचा एक नवाच वर्ग निर्माण झाला, कारण लोकांनी दुसरी लग्ने करणे थांबवले नाही. मूल होत नाही, मुलगा होत नाही, बहिणीच्या सोबतीला बहीण, अशी कारणे सांगत गावोगावी दुसरे घर होतच राहिले. या मुलांसाठी १९५५ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये संरक्षण होते, तथापि ते न्यायालयाने लग्न शून्य असल्याचा हुकूमनामा दिला असेल तरच मिळत असे. म्हणजे आईवडील एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले तर मूल औरस, आणि ते मरेपर्यंत गुण्यागोविंदाने नांदले तर मूल अनौरस, असा विचित्र प्रकार वीस वर्षांहून अधिक काळ चालू होता. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि शून्य विवाहातील अपत्य, हुकूमनामा असो वा नसो, औरस मानले जाईल असे ठरवले. शून्यकरणीय विवाह, म्हणजे एका पक्षाच्या अर्जावरून रद्द होऊ शकणारा विवाह, रद्द झाल्यास त्यातील अपत्यालाही तेच स्थान मिळाले. विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम २६ मध्येही अशीच तरतूद आहे.

औरसपणा दिला, पण त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने त्याला कुंपण घातले : अशा अपत्याला आईवडिलांखेरीज अन्य कोणाच्याही मालमत्तेत हक्क मिळणार नाही. आजोबा, काका, सावत्र भाऊ यांचा वारसा त्यामुळे बंद झाला. खरा वाद उभा राहिला तो वडिलोपार्जित मिळकतीचा. ती एकट्या बापाची नसते; सहदायिकीची, म्हणजे जन्माने हक्क मिळवणाऱ्या सहदायादांच्या गटाची असते. २००३ आणि २०१० च्या निवाड्यांत सर्वोच्च न्यायालयाने शून्य विवाहातील मुलाला केवळ बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत वाटा मिळेल असे म्हटले. कर्नाटकातून आलेल्या रेवणसिद्धप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या प्रकरणात २०११ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाला हे मत पटले नाही, आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यीय पीठाने त्याचे उत्तर १ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे बारा वर्षांनी दिले.

ते उत्तर समजण्यासाठी आकडे घेऊन पाहणे सोपे पडते. एखाद्या शेतकऱ्याकडे सोळा एकर वडिलोपार्जित जमीन आहे; त्याची लग्नाची बायको, तिचा एक मुलगा व एक मुलगी आहे, आणि पहिले लग्न कायम असताना विधिपूर्वक केलेल्या दुसऱ्या लग्नापासून एक मुलगा आहे. मृत्युपत्र न करता तो वारला, आणि त्याची आई आधीच वारलेली आहे. कायदा अशा वेळी त्याच्या मृत्यूच्या क्षणाआधी एक काल्पनिक वाटणी झाली असे धरतो. या वाटणीत तो स्वतः, बायको, मुलगा आणि २००५ च्या दुरुस्तीमुळे सहदायाद झालेली मुलगी असे चार वाटेकरी येतात, प्रत्येकी चार एकर. दुसऱ्या लग्नाचा मुलगा येथे वाटेकरी नाही, कारण तो जन्माने सहदायाद होत नाही. त्यानंतर मृताच्या वाट्याचे चार एकर त्याच्या वारसांत विभागले जातात, आणि येथे मात्र तो मुलगा इतर तिघांच्या बरोबरीने उभा राहतो. चौघांना प्रत्येकी एक एकर मिळतो. अखेरीस लग्नाची बायको, मुलगा आणि मुलगी यांना पाच पाच एकर, दुसऱ्या लग्नाच्या मुलाला एक एकर, आणि त्याच्या आईला काहीच नाही. मृताच्या स्वतःच्या कमाईचे घर असते तर त्यात त्या मुलाला सरळ चौथा हिस्सा मिळाला असता. शिवाय बाप जिवंत असताना हा मुलगा वाटणीचा दावा लावू शकत नाही, आणि बापाने आपला हिस्सा मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे केला तर त्याला तक्रारीलाही जागा राहत नाही.

निवाड्याने एक दार उघडले हे खरे, पण गावपातळीवर त्या दारापर्यंत पोहोचणे वेगळी गोष्ट आहे. बाप वारला की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, तो बहुधा पहिल्या घराचा. त्यात दुसऱ्या घरच्या मुलांची नावे नसतात, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयच ठरवते, हे कायद्याने स्पष्ट असले तरी मधल्या काळात जमीन विकली गेली की पुढची पंधरा वर्षे दाव्यात जातात. त्या दाव्यात मुलाने सिद्ध काय करायचे, तर आपल्या आईचे लग्न विधिपूर्वक लागले होते. लग्नपत्रिका, जुने फोटो, भटजीची किंवा पाट लावणाऱ्या पंचांची साक्ष गोळा करून तो जे सिद्ध करतो, तो खरे पाहता त्याच्या बापाचा गुन्हा असतो. कारण पहिली बायको हयात असताना केलेले लग्न फौजदारी कायद्यानुसार शिक्षापात्र आहे.

येथेच या सर्व रचनेतील सर्वांत मोठी विसंगती आहे, आणि तिची चर्चा फार थोडी होते. कलम १६ शून्य विवाहातील मुलाला तारते, पण ज्याच्या आईवडिलांनी लग्नाचा कोणताही विधी केलाच नाही त्या मुलाला ते लागू होत नाही. म्हणजे ज्या पुरुषाने कायदा मोडून दुसरे लग्न लावले त्याचे मूल वारस ठरते, आणि ज्याने कोणताही गुन्हा न करता एका स्त्रीसोबत केवळ एकत्र संसार केला त्याचे मूल बापाचा वारस ठरत नाही. न्यायालयांनी ही फट बुजवण्यासाठी एका जुन्या गृहीतकाचा आधार घेतला : स्त्रीपुरुष दीर्घकाळ पतिपत्नीप्रमाणे एकत्र राहिले आणि समाजाने त्यांना तसे मानले, तर त्यांचे लग्न झाले होते असे न्यायालय धरून चालते, आणि ते झाले नव्हते हे विरोधकाने सिद्ध करायचे असते. केरळातील एका कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये याच आधारे मुलाचा वाटा मान्य केला. परंतु हे गृहीतक त्या दोघांचे लग्न होऊ शकत होते तेथेच चालते. दोघांपैकी एकाचा पहिला जोडीदार हयात असेल तर ते कोसळते. उत्तराखंडाच्या समान नागरी संहितेने, जी जानेवारी २०२५ मध्ये अंमलात आली, सहजीवनातून जन्मलेले अपत्य त्या जोडप्याचे औरस अपत्य असेल असे थेट लिहून टाकले आहे. त्या संहितेतील सहजीवनाच्या सक्तीच्या नोंदणीवर गंभीर आक्षेप आहेत आणि ते रास्तही आहेत, पण मुलापुरते पाहिले तर जे काम केंद्रीय कायद्याने १९७६ मध्ये अर्धवट सोडले ते या एका वाक्याने त्या राज्यापुरते पुढे नेले आहे.

उलट दिशेचा एक नियमही लक्षात घ्यावा लागतो. विवाहित स्त्रीला वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर ती अविवाहित राहिली असता २८० दिवसांच्या आत मूल झाले, तर ते नवऱ्याचेच औरस मूल असल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो; गर्भधारणेच्या काळात पतिपत्नींचा परस्परांशी संपर्क येणे शक्यच नव्हते एवढे सिद्ध केले तरच तो खोडता येतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम ११६ म्हणून जसेच्या तसे आले आहे. त्याचा हेतू सत्य शोधणे हा नसून मुलावर बट्टा लागू न देणे हा आहे. डीएनए चाचणी आल्यावर या नियमावर ताण आला. २०१४ मध्ये महाराष्ट्रातील एका पोटगीच्या प्रकरणात चाचणीने पिता दुसराच असल्याचे दाखवल्यावर सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाला झुकते माप दिले आणि नवऱ्याला त्या मुलीच्या पोटगीतून मुक्त केले. २०२३ मध्ये मात्र घटस्फोटाच्या वादात बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची चाचणी मागता येणार नाही, कारण त्या वादात मूल पक्षकार नसते आणि आपल्या जन्माची चिरफाड होऊ न देण्याचा त्याला हक्क आहे, असे त्याच न्यायालयाने ठामपणे सांगितले. मूलच बापाचा शोध घेत असेल तर काय, हा प्रश्न रोहित शेखर यांनी ज्येष्ठ राजकारणी नारायणदत्त तिवारी यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २००८ मध्ये लावलेल्या दाव्यात आला. तिवारींना २०१२ मध्ये रक्ताचा नमुना द्यावा लागला आणि पितृत्व सिद्ध झाले. परंतु जानेवारी २०२५ च्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने औरसपणा आणि पितृत्व या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यास नकार दिला. आईचा नवरा हाच कायद्याने बाप असेल, तर दुसऱ्या पुरुषाच्या दारात जाऊन चाचणी मागता येत नाही.

पोटगीबाबत एवढा गुंता नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून औरस आणि अनौरस असा भेद तेथे नव्हताच. १९७३ च्या संहितेचे कलम १२५ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ हे दोन्ही प्रकारच्या मुलांना, त्यांचा धर्म कोणताही असो, बापाकडून पोटगी मागू देतात. महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये निघाली. आईचे लग्न शून्य म्हणून तिची स्वतःची पोटगी नाकारली गेली तरी मुलाची नाकारता येत नाही.

हिंदूंखेरीज इतरांसाठी उत्तरे वेगळी आहेत. हनफी मुस्लिम कायद्यात विवाहबाह्य मूल आईचा आणि आईच्या नातलगांचा वारस होते, बापाचा नाही. शिया कायद्यात ते दोघांचाही वारस होत नाही. मात्र हनफी कायद्यात अनियमित, म्हणजे दुरुस्त होऊ शकणारा दोष असलेला, विवाह आणि मुळातच बाद विवाह असा फरक केला जातो आणि अनियमित विवाहातील मूल औरसच मानले जाते. शिवाय पितृत्वाविषयी संशय असेल तेथे बापाने मूल आपले असल्याची कबुली दिली की ती पुरेशी ठरते. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील अपत्य म्हणजे न्यायालये औरस अपत्यच समजत आली. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने बापाला आपले विवाहबाह्य मूल रीतसर मान्य करण्याची सोय सर्व धर्मीयांसाठी ठेवली होती, पण व्यभिचारातून वा निषिद्ध नात्यातून झालेल्या मुलांना ती बंद होती. त्यांना केवळ उदरनिर्वाह मागता येई. दोन खंडांतले आणि दोन धर्मपरंपरांतले कायदेकर्ते पोट आणि वाटा यांच्यामध्ये तीच रेघ ओढत होते, ही गोष्ट बोलकी आहे.

मालमत्ता सर्वांनाच असते असे नाही. कागदपत्रे मात्र सर्वांना लागतात, आणि बहुसंख्य मुलांच्या बाबतीत खरा जाच तेथे असतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ या १९८४ मधील आत्मकथनाने सवर्ण बाप आणि दलित आई यांच्या मुलाचे हे अधांतरी जगणे मराठी वाचकांपुढे आणले, त्या काळी बापाचे नाव विचारणाऱ्या रकान्याला पर्याय नव्हता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अनौरस मुलाची नैसर्गिक पालक प्रथम आई आणि तिच्यानंतर बाप असतो. पण कार्यालयांतून हे कलम क्वचितच वाचले जाते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या अर्जावर बापाला नोटीस न काढता, त्याचे नावही उघड न करता तिला एकटीला पालक नेमता येईल असे ठरवले, आणि एकल मातेने प्रतिज्ञापत्र दिले की तिच्या मुलाचा जन्मदाखला दिलाच पाहिजे असा आदेश दिला. २०१६ अखेरच्या नियमबदलानंतर पारपत्रासाठी आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत स्वतःच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे.

नोकरीच्या बाबतीत भेद अधिक काळ टिकला. रेल्वे मंडळाच्या १९९२ च्या परिपत्रकानुसार दुसऱ्या बायकोच्या मुलांना अनुकंपा तत्त्वावर, म्हणजे सेवेत असताना मरण पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला आधार म्हणून, नोकरी दिली जात नसे. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हा भेद संविधानाच्या अनुच्छेद १४ शी विसंगत ठरवला, आणि २०२२ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. दोन्ही निवाड्यांचा अर्थ मर्यादित आहे : मुलाचा अर्ज केवळ त्याच्या जन्माच्या कारणाने फेटाळता येत नाही, नोकरी मिळेल की नाही, हे गरज व नियम पाहून प्रशासनानेच ठरवायचे असते. कलम १६ च्या आधारे उभे राहिलेले हे निवाडे असल्यामुळे, ज्या कर्मचाऱ्याने दुसरे लग्न लावले नव्हते, नुसताच संसार केला होता, त्याच्या मुलाला ते आपोआप लागू पडत नाहीत.